आप्पांनी कोणाला निवडलं

एकोणीसशे पंचाहत्तर साली यशोधरा बेळगावात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मुलींच्या होस्टेलात राहत होती. आठवडाभर प्रॅक्टिकल, जर्नल आणि मेसमधली पातळ आमटी. पण रविवार आला की ती सकाळीच डोकं धुवायची, इस्त्रीची साडी नेसायची आणि चालत टिळकवाडी गाठायची. तिथं विनोदिनीचं घर होतं. विनोदिनी म्हणजे प्रयोगशाळेतली तिची जोडीदारीण. वकिलाची मुलगी, बडबडी. एकदा हातातली चंचुपात्रं फुटली तेव्हा दोघींनी मिळून शिव्या खाल्ल्या आणि तेव्हापासून मैत्री झाली.

विनोदिनीचा भाऊ उपेंद्र म्हापशाला बँकेत होता आणि शनिवारी रात्री घरी यायचा. गोव्याच्या किनाऱ्यावर तेव्हा परदेशी पोरं-पोरी येऊन राहायची आणि जाताना जवळचं सामान विकून टाकायची. त्यातल्याच एकाकडून उपेंद्रनं एक लाँग प्ले रेकॉर्ड आणली होती. बँडचं नाव रेड हार्बर. चार विलायती तरुण. दिवाणखान्यात टेबलावर रेकॉर्ड प्लेअर मांडलेला असायचा आणि सुई टेकली की त्या शांत घरात असा काही आवाज उठायचा की वकीलसाहेब कागद उचलून मागच्या खोलीत जायचे.

इंग्रजी शब्द कोणालाच धड कळत नव्हते. पण कव्हरवर चौघांचा फोटो होता आणि मुलींनी त्यांची बारशी केव्हाच करून टाकली होती. पुढं उभा राहून गाणारा, केस खांद्याखाली, तो झिपऱ्या. गिटारवाला पार कमरेतून वाकलेला, म्हणून वाकड्या. एका कडेला जाड तारांची गिटार घेऊन एक जण सरळसोट उभा होता, त्याचा अर्धा खांदा फोटोबाहेर गेलेला. तो खांब. आणि मागं उंच चौथऱ्यावर, ढोलांच्या आणि पितळी थाळ्यांच्या गर्दीत बसलेला चौथा. त्याच्या तोंडावर नेमकी थाळी आली होती. त्याला नावच नव्हतं.

एका रविवारी कोण कुणाचा यावरून भांडण लागलं. शेजारची नीला म्हणाली, झिपऱ्या माझा. विनोदिनी म्हणाली, रेकॉर्ड माझ्या भावाची, तेव्हा झिपऱ्या माझा. शेवटी उपेंद्रनं चिठ्ठ्या टाकल्या. झिपऱ्या विनोदिनीला गेला आणि नीलाच्या वाट्याला वाकड्या आला. ती जरा फुगलीच.

"आणि तुझा कोण गं?" उपेंद्रनं यशोधराला विचारलं.

"तो मागचा," यशोधरा म्हणाली. विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं.

"कोण, ड्रमवाला? त्याचं तोंड तरी दिसतंय काय?"

"तोंडाचं काय करायचंय? मला त्याचंच ऐकू येतं."

नीला हसली. चिठ्ठीचा राग अजून नाकावर होताच. "हिला तोच आवडणार की," ती म्हणाली. "यांच्यात वाजवतात ना, लग्नात, मयतीत!"

रेकॉर्ड चालूच होती. उपेंद्र खाली बघत कव्हर पुसत राहिला. विनोदिनीनं तोंड उघडलं आणि मिटलं. यशोधरानं गाणं संपेपर्यंत वाट बघितली, मग "मेसची वेळ झाली" म्हणून उठली. घड्याळात साडेदहा वाजले होते. मेस बाराला उघडायची.

वाटेत तिला नीलाचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. तिच्या घरात हलगी नव्हती. तिनं ती कधी हातात धरली नव्हती. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, ती सोडली त्याला अठरा वर्षं झाली होती आणि ती गोष्ट आईनं, सुलाबाईनं, तिला अनेकदा सांगितली होती.

आप्पा म्हणजे भरमा कांबळे मूळचे सदलग्याचे. चिकोडी तालुक्यात त्यांच्या हलगीला तोड नव्हती. गावात लग्न असो, मयत असो, देवाची पालखी असो, निरोप आला की जायचं. वाजवायचं बाहेर उभं राहून. जेवायचं सगळ्यांचं झाल्यावर. छप्पन्न साली धर्मांतर झालं, पुढच्या वर्षी वस्तीतल्या लोकांनी ठरवलं की आता गावचं वाजवणं बंद. आप्पांनी सगळ्यांच्या आधी हलगी चुलीत घातली. मग गावानं दळण बंद केलं, काम बंद केलं. दोन वर्षांच्या यशोधराला कडेवर घेऊन दोघं निपाणीला आली. आप्पा तंबाखूच्या वखारीत लागले, आई विड्या वळायला लागली. त्यानंतर आप्पांनी लाकडी पाटावरसुद्धा ताल धरला नाही. यशोधरानं लहानपणी एकच पाहिलं होतं. आप्पा ओसरीवर एकटेच बसलेले असले की त्यांची बोटं मांडीवर हलायची. कोणी बघतंय असं वाटलं की मूठ मिटायची.

आणि मी काय केलं, तिला वाटलं. आप्पांनी जे जाळलं तेच मी चार लोकांत माझं म्हणून सांगितलं.

तीन रविवार ती टिळकवाडीला गेली नाही. प्रयोगशाळेत विनोदिनीशी ती कामापुरतं बोलायची. चौथ्या रविवारी विनोदिनीच होस्टेलच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

"मी नीलाचं सांगायला आले नाही," ती म्हणाली. "माझं सांगायला आले. त्या दिवशी मी गप्प बसले. माझं घर होतं, मी बोलायला पाहिजे होतं. आईला नंतर कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही."

"जाऊ दे गं," यशोधरा म्हणाली. पण विनोदिनी हलली नाही.

तेवढ्यात समोरून आप्पा आले. पांढरं धोतर, टोपी, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. महिन्यातून एकदा निपाणीच्या एसटीनं ते यायचे, आईनं दिलेली चटणी-भाकरी, शेंगांचे लाडू पोचवायचे, अर्धा तास बसायचे आणि परत जायचे.

"ही कोण, मैत्रीण व्हय?" त्यांनी विचारलं.

विनोदिनीनं वाकून नमस्कार केला. आणि यशोधरा डोळ्यांनी नको-नको म्हणत असताना ती म्हणाली, "आप्पा, आमच्याकडं चला की. जवळच आहे. आईनं बोलावलंय. आज यशोधराला घेऊनच ये म्हणालीय."

"चला की," आप्पा म्हणाले. "एवढ्या मायेनं पोरगी बोलावत्याय."

दिवाणखान्यात आप्पांना खुर्ची दिली. ते आधी खुर्चीच्या टोकाशी बसले. विनोदिनीच्या आईनं चहा आणला. सगळे कप एकाच सेटमधले होते, निळ्या काठाचे. आप्पांनी ट्रेकडं बघितलं, मग काकूंकडं बघितलं आणि खुर्चीत मागं सरकून बसले.

"निपाणीला कुठं असता?" काकूंनी विचारलं. वखार, तंबाखूचा हंगाम, सुलाबाईची कंबर, असं बोलणं सुरू झालं. यशोधराचा जीव जरा भांड्यात पडत होता, तोच उपेंद्र आतून आला. त्याला वाटलं, घरात रुसवा मिटलाय, आता गाणं झालंच पाहिजे. त्यानं रेकॉर्ड लावली आणि कव्हर आप्पांच्या हातात दिलं.

"हे बघा आप्पा, विलायतेचे वाजंत्री. यातला प्रत्येकीनं एकेक निवडलाय. विनोदिनीचा हा. आणि यशोधराचा हा मागचा, ड्रमवाला."

यशोधरानं साडीचा पदर मुठीत घट्ट धरला. आप्पांनी कव्हर डोळ्यांजवळ नेलं. गाणं सुरू झालं होतं. ते ऐकत राहिले. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं.

"ह्यो उंचावर का बसलाय?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना दिसावा म्हणून," उपेंद्र म्हणाला.

"आणि लोक कुठं असत्यात?"

"लोक खाली. तिकीट काढून येतात. उभं राहून ऐकतात."

"ह्येला कोण बोलावतं? कुणाच्या घरी काय झालं तर जावं लागतं का?"

"छे. त्यांच्या मनात असेल तिथं ते वाजवतात. नसेल तर नाही."

आप्पांनी मान हलवली. मग यशोधराकडं बघून म्हणाले, "तू ह्येला निवडलंस?"

"चुकलं आप्पा," ती म्हणाली. "मला आवडलं म्हणून बोलून गेले. तुम्ही सोडलंय ते मला ठाऊक हाय."

"काय सोडलंय मी?" आप्पा म्हणाले. "खुळी हाईस का? मी काय वाजवण्यावर रुसलो न्हवतो. ते बोलावणं सोडलं मी. निरोप आला की हातातला घास टाकून पळायचं आणि दाराबाहेर ताटकळायचं, ते सोडलं. वाजवणं लई ग्वाड होतं पोरी. म्हणून तर जाळावं लागलं. हलगी घरात असती तर हात तिकडंच गेला असता."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. तिसरं गाणं चालू होतं आणि आप्पांनी एकदम हात वर केला.

"थांबीव. ह्ये परत लाव."

उपेंद्रनं सुई उचलून मागं ठेवली. आप्पा मान खाली घालून ऐकत होते. आता त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर उघड उघड चालली होती.

"पोरगा हाताचा चांगला हाय," ते म्हणाले. "पण इथं बघ, इथं पळाला. गर्दी बघून चेव आला असंल. आता ऐका. खालनं एक जाड आवाज येतोय. त्यानं ह्येला पळू दिला न्हाय. धरला आणि जाग्यावर आणून बसवला. कळलं का? कोण हाय त्यो?"

कोणालाच कळलं नव्हतं. उपेंद्रनं तीच जागा तीन वेळा लावली. तिसऱ्या वेळी यशोधराला ते ऐकू आलं. ड्रमच्याही खाली, जमिनीतून आल्यासारखा, एक संथ आवाज पाय रोवून चालला होता. मग उपेंद्रलाही ऐकू आला आणि तो म्हणाला, "अरेच्चा, हा तर खांब! वर्षभर ऐकतोय आम्ही, आणि हा आहे हेच कळलं नाही."

"माझा मग त्यो," आप्पा म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी निवडलं, माझा ह्यो खांब."

सगळी हसली. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी कव्हरवरच्या त्या अर्ध्या खांद्याच्या माणसावर अंगठा ठेवला होता.

"आमच्या ताफ्यात आण्णाप्पा घुमकं वाजवायचा," ते हळूच म्हणाले. "हलगीच्या खाली घुमकं लागतं, त्याचा घुमणारा जाड आवाज लागतो. बघणारं माझ्याकडं बघायचं, फेटा मला बांधायचं. ज्या दिवशी आण्णाप्पा न्हाय आला त्या दिवशी माझा हात लुळा पडायचा. ह्ये मला ठाऊक होतं. त्याला कधी सांगितलं न्हाय."

यशोधरानं आण्णाप्पाचं नाव ऐकलं होतं. आप्पांचा चुलतभाऊ. वस्तीनं वाजवणं सोडलं त्या वर्षी ज्या दोघा-तिघांनी सोडलं नाही त्यांतला एक. आप्पांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. घरात ते नाव निघालं की आई विषय बदलायची.

आप्पा निघायला उठले तेव्हा नीला फाटकातून आत येत होती. गाणं ऐकून आली असावी. यशोधराला बघून ती थबकली, परत फिरावं की काय अशा विचारात. मग तिनं आप्पांसमोर येऊन सांगूनच टाकलं. "आप्पा, मी यशोधराला वाईट बोलले होते. यांच्यात वाजवतात, असं म्हणाले."

"वाजवतच होतो की," आप्पा म्हणाले. "त्यात खोटं काय न्हाय. पण तू हसून बोलली असशील, ते वाईट."

"हसूनच बोलले," नीला म्हणाली, आणि तिला रडू आलं. यशोधरानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. पुरतं मन साफ झालं होतं असं नाही. त्याला अजून काही महिने लागले. पण त्या दिवशी हात ठेवावासा वाटला, एवढं खरं.

पुढच्या आठवड्यात निपाणीहून पत्र आलं. आईनं शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलं होतं. तुझे आप्पा सदलग्याला जायचं म्हणतात, एकटे जायला कचरतात, सुट्टी असेल तर ये.

बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला दोघं गेली. सदलग्याच्या स्टँडवर उतरल्यावर आप्पांचा पाय उचलेना. हॉटेलात चहा घेतला. मग पुन्हा एक घेतला. शेवटी तेच म्हणाले, "चल."

वस्तीत बरीच घरं कौलारू झाली होती. एका घरासमोर लिंबाखाली एक उंच, हडकुळा म्हातारा दोरी वळत बसला होता. त्यानं मान वर केली आणि बराच वेळ बघत राहिला. मग घराकडं तोंड करून ओरडला, "कोंडाबाई! दोन ताटं वाढ. भरमा आलाय."

एवढंच. कसा आहेस नाही, कशाला आलास नाही.

आप्पा उभेच राहिले. वाटभर जुळवलेलं सगळं विसरले असावेत. "आण्णाप्पा," ते म्हणाले, "तू होतास म्हणून माझा हात चालायचा. लोक माझं नाव घ्यायचं, पण ताल तू धरायचास. ते तुला सांगायचं ऱ्हायलं होतं. तेवढं सांगायला आलोय."

आण्णाप्पानं दोरी बाजूला ठेवली. "एवढं सांगायला अठरा वर्सं लागली व्हय रं तुला?"

"लागली."

"बस खाली. मान दुखत्याय वर बघून."

मग कोंडाबाई बाहेर आली आणि जे आण्णाप्पा बोलला नसता ते तिनं बोलून टाकलं. तेव्हा आण्णाप्पाची आई अंथरुणाला खिळली होती. तिला हलवून गाव सोडता येत नव्हतं आणि गावात राहून गावाशी तोडता येत नव्हतं. ती गेली त्याच आठवड्यात आण्णाप्पानं घुमकं नदीला सोडलं. वस्तीतल्या यल्लाप्पाच्या हाती निपाणीला निरोप धाडला होता.

"निरोप आलता," आप्पा म्हणाले. "यल्लाप्पा दारात आलता. आण्णाप्पाचं नाव काढलं आणि मी त्याला पुढचं बोलूच दिलं न्हाय. तसाच परत लावला."

"ठाऊक हाय," आण्णाप्पा म्हणाला. "त्यो येऊन सांगितला. आता जेव."

ज्वारीच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि नदीकाठच्या वांग्याची भाजी होती. कोंडाबाई यशोधराला वाढत होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, "बीएस्सी म्हंजी किती शिकलीस गं? डाक्टरच्या वर का खाली?" दोघं म्हातारे फारसं बोलत नव्हते. कोण गेलं, कोण कुठं असतं, नदीला यंदा पाणी किती, एवढंच. पण आप्पा तीन भाकरी जेवले. घरी त्यांची दीड व्हायची.

निघताना यशोधरानं वाकून आण्णाप्पाकाकांना नमस्कार केला. तिला त्यांना त्या विलायती माणसाबद्दल सांगायचं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते समजेना. तिनं एवढंच विचारलं, "काका, निपाणीला याल?"

"येतो की. आता कोण अडवतंय?"

एसटीत खिडकीशी बसून आप्पा बराच वेळ उसाच्या फडांकडं बघत होते. मग म्हणाले, "पोष्टकार्ड हाय का तुझ्याकडं?"

तिच्या वहीत एक होतं.

"त्या विनोदिनीच्या आईला लिही. म्हणावं, सदलग्याला जाऊन आलो. भाऊ भेटला." ते थांबले. बस खड्ड्यातून गेली, पेन घसरलं. "तुमच्या घरी निवांत बसायला मिळालं, त्यामुळं ह्ये झालं. उपकार म्हणत न्हाय. पण विसरणार न्हाय. पोरांना आशीर्वाद. आणि लिही, निपाणीला या एकदा. सुलाबाई वाट बघत्याय."

"आईला तुम्ही कधी विचारलंत?"

"घरी गेल्यावर विचारतो. तू लिही."

यशोधरानं वळणदार अक्षरात सगळं लिहिलं. खाली कोणाचं नाव घालू म्हणून विचारलं. आप्पांनी तिच्या हातातून पेन घेतलं, कार्ड गुडघ्यावर ठेवलं आणि साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही, हलत्या बसमध्ये, एक-एक अक्षर थांबत, स्वतः केली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात विनोदिनी, तिची आई आणि नीला निपाणीला आल्या आणि दोन दिवस राहिल्या. आण्णाप्पाकाका आदल्या दिवसापासूनच येऊन बसले होते.